हजेरीचे यंत्र आणि कामाचे मन

यंत्राने मनुष्याच्या शरीरावरील भार हलका केला, ही गोष्ट आता कोणी नाकारीत नाही. मोट गेली आणि पंप आला. जाते कोपऱ्यात पडले आणि पिठाची गिरणी गावोगाव झाली. या बदलांची किंमत काही लोकांना मोजावी लागली, तरी एकंदरीत त्यांनी मनुष्याची पाठ थोडी सरळ केली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गेल्या काही वर्षांत कामाच्या जागी एक निराळ्या जातीचे यंत्र आले आहे. ते माती खणीत नाही, ओझे उचलीत नाही, सूत कातीत नाही. ते काम करणाराकडे पाहते, त्याची नोंद घेते आणि ती नोंद दूरच्या कचेरीत पोहोचविते. अशा यंत्राने कोणता भार हलका होतो आणि कोणता नवा भार मनावर चढतो, याचा विचार मात्र जितका व्हावयास हवा तितका झालेला नाही.

या प्रश्नाकडे सामान्यतः शहरातील संगणकाच्या कचेऱ्यांच्या अनुषंगाने पाहिले जाते. वस्तुतः तो सर्वांत तीव्र स्वरूपात उभा राहतो तो उघड्या रानात, हाती कुदळ असलेल्या मजुरापुढे. म्हणून या विवेचनासाठी एका लहानशा गावाचा आधार घेणे अधिक उपयुक्त ठरेल.

म्हैसूर शहराच्या नैर्ऋत्येस, कबिनी नदीच्या खोऱ्यात सरगूर हे गाव आहे. पूर्वी ते हेग्गडदेवनकोटे तालुक्यात मोडत असे. आता ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. या मुलखाच्या कडेने बंडीपूर आणि नागरहोळे यांची वने पसरली आहेत, आणि १९७४ साली पुरे झालेले कबिनीचे धरण जवळच आहे. नाचणी, कापूस, तंबाखू ही येथील शेतीची पिके. जेनू कुरुब, काडू कुरुब, येरव या आदिवासी समाजांच्या वस्त्या वनाच्या कडेला आहेत. तेथे त्यांना ‘हाडी’ म्हणतात. त्यांतील पुष्कळ कुटुंबे एके काळी वनाच्या आत राहत होती. व्याघ्रप्रकल्प आणि जलाशय यांच्यामुळे त्यांचे जुने निवास सुटले, आणि मध गोळा करणारे, कंदमुळे ओळखणारे हात रोजंदारीच्या कामाकडे वळले. हे काम देणाऱ्या व्यवस्थांत राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचे स्थान मोठे होते. २००५ सालच्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना दोन दशके चालली. २०२५–२६ या वर्षी कर्नाटकात तिच्या मजुरीचा दर दिवसाला ३७० रुपये होता. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यातही बायोमेट्रिक ओळख आणि स्थाननिर्देशक देखरेख यांना जागा दिलेली आहे. त्यामुळे प्रस्तुत प्रश्न इतिहासजमा झाला, असे समजण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राच्या वाचकांना या योजनेचे मूळ परिचयाचे आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्रभर पसरली, आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. त्या दुष्काळी कामांवरचा हजेरीपट, तो भरणारा मुकादम आणि आठवड्याच्या शेवटी होणारे मोजमाप यांच्या आठवणी खेडोपाडी अजून आहेत. त्याबरोबरच खोट्या हजेरीपटांच्या आठवणीही आहेत. कामावर कधीच न आलेल्या माणसांची नावे लिहून त्यांची मजुरी उचलली जाई, ही तक्रार काल्पनिक नव्हती. नवे यंत्र आले ते या रोगावरील औषध म्हणून, हे प्रथमच सांगितले पाहिजे. नाही तर त्याच्यावर अन्याय होईल.

हे औषध कसे दिले जात असे? २०२१ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने हजेरीसाठी मोबाइलवर चालणारी एक प्रणाली सुरू केली. १ जानेवारी २०२३ पासून, व्यक्तिगत लाभाची कामे वगळता, देशातील सर्व कामांवर ती सक्तीची झाली. कामावरील मुकादमाने दिवसातून दोन वेळा, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी, मजुरांचे छायाचित्र काढावयाचे. त्या छायाचित्रावर स्थळ आणि वेळ यांचा ठसा आपोआप उमटावयाचा. आणि दोन्ही छायाचित्रे वर पोहोचली तरच त्या दिवसाची हजेरी धरावयाची, असा नियम होता. कर्नाटकात या मुकादमाला ‘कायकबंधू’ असे नाव दिलेले होते. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी शरण यांनी ‘कायक’ या शब्दाला जो अर्थ दिला, तो सर्वश्रुत आहे. प्रामाणिक श्रम हीच उपासना, हे त्याचे सार. कांदामुळा-भाजीत विठ्ठल पाहणाऱ्या सावता माळ्याच्या परंपरेतील मराठी मनाला हा अर्थ परका नाही. ज्या पदाचे नाव श्रमाच्या पावित्र्यावरून ठेवले, त्या पदावरील माणसाच्या हाती दिलेले उपकरण मात्र श्रमिक खोटा असू शकेल, या गृहीतावर बांधलेले होते. या विसंगतीत पुढच्या सर्व विवेचनाचे बीज आहे.

आता या उपकरणाने नेमके काय मोजले, ते पाहावे. मातीकामाची मजुरी पुष्कळ ठिकाणी खणलेल्या घनमापावर ठरते. असे काम करणारा मजूर पहाटे लवकर येतो, ऊन चढण्यापूर्वी आपला वाटा पुरा करतो आणि उरलेल्या दिवसात स्वतःच्या शेतात किंवा दुसऱ्याच्या बांधावर जातो. उन्हाळ्याच्या दिवसांत ही केवळ सोय नव्हे, तर शरीरधर्माची गरज असते. नव्या प्रणालीत दुसऱ्या छायाचित्रासाठी त्याला थांबावे लागे, अथवा पुन्हा यावे लागे. देशाच्या अनेक भागांतून ही तक्रार आली. काम संपलेले असूनही माणूस झाडाखाली बसून आहे, कारण यंत्राला त्याचे काम दिसत नाही, त्याचे केवळ असणे दिसते. जेथे मोबाइलला संदेशलहरी मिळत नाहीत, अशा डोंगराळ व वनालगतच्या भागांत अडचण आणखी वाढते. खणलेला चर डोळ्यांसमोर असतो, पण छायाचित्र पोहोचलेले नसते. आणि कागदोपत्री तो दिवस कामाचा ठरत नाही.

येथे गमावलेली गोष्ट केवळ पैशाची नाही. दिवसाचा क्रम आपण ठरवावा, कामाची गती आपण राखावी, हा हाती कुदळ असलेल्या माणसाचाही एक लहानसा अधिकार होता. मानसशास्त्राने या अधिकाराचे महत्त्व दाखवून दिले आहे. १९७९ साली रॉबर्ट करासेक या संशोधकाने असे प्रतिपादन केले की, कामाचा ताण केवळ कामाच्या ओझ्याने निर्माण होत नाही. ओझे मोठे आणि निर्णयाचे स्वातंत्र्य थोडे, अशी जोडी जमली म्हणजे तो सर्वांत अधिक होतो. पुढील काळातील पुष्कळ अभ्यासांना या विचाराने दिशा दिली. एरवी असा समज असतो की, मन थकते ते वरिष्ठ अधिकाऱ्यांचे, आणि मजुराचे केवळ अंग थकते. करासेकचे प्रतिपादन या समजाला सरळ छेद देणारे आहे.

कामाचे मन यंत्राबरोबर बदलते, हा शोध अर्थातच नवा नाही. १९११ साली फ्रेडरिक टेलर याने ‘शास्त्रीय व्यवस्थापना’ची तत्त्वे मांडली. प्रत्येक हालचालीचे घड्याळाने मोजमाप करावे, कामाचे लहान तुकडे पाडावेत, विचार करण्याचे काम कचेरीने करावे आणि कामगाराने ठरवून दिलेले करावे, असा त्याचा आशय होता. मुंबईच्या गिरणीकामगारांनी या विचाराची झळ लवकरच सोसली. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन साचे सांभाळावेत, अशा योजना पुढे आल्या. आणि १९२८ साली सुमारे सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपामागील कारणांत त्यांचा वाटा मोठा होता. त्या संपाकडे केवळ मजुरीचा झगडा म्हणून पाहिले जाते. तो बेकारीच्या भीतीचाही झगडा होता, आणि आपल्या कामाची गती कोणी ठरवावयाची याचाही होता.

याउलट जाणारा एक प्रयोग भारतातच झाला, आणि तो जगभरच्या ग्रंथांत नोंदला गेला आहे. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस हा अभ्यासक अहमदाबादच्या कॅलिको मिल्समध्ये आला. तेथे नवे स्वयंचलित माग बसविले होते. परंतु अपेक्षेप्रमाणे उत्पादन वाढत नव्हते आणि सदोष कापड फार निघत होते. माग उत्तम होते, कामगार अनुभवी होते. दोष मग कोठे होता? राइसला असे दिसून आले की, नव्या यंत्रासाठी कामाचे बारा तुकडे पाडलेले होते. एकाने तुटलेले सूत जोडावयाचे, एकाने कांड्या भरावयाच्या, एकाने तेल घालावयाचे, एकाने कापड वाहून न्यावयाचे. आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या मागांची संख्या निराळी. त्यामुळे एका मागाशी अनेकांचा संबंध होता, पण त्या मागाची जबाबदारी अशी कोणा एका गटाची नव्हती. माग बंद पडला तर तो प्रत्येकाच्या दृष्टीने दुसऱ्याचा असे.

यावर सुचविलेला उपाय साधा होता. काही मागांचा एक समूह करावा, त्यासाठी कामगारांचा एक लहान गट असावा आणि त्या गटाने आपली कामे आपसांत वाटून घ्यावीत. ही कल्पना पुढे येताच कामगारांनी स्वतःच गट जुळविले. पहिल्या काही दिवसांच्या चढउतारानंतर उत्पादन वाढले आणि नुकसान घटले. यंत्र तेच राहिले. बदलले ते यंत्राभोवतीचे माणसांचे नाते. याच सुमारास अहमदाबादच्या ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत कमला चौधरी यांनी कामगारांच्या मानसशास्त्राचा विभाग चालविला होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. १९७० च्या सुमारास पुन्हा पाहणी झाली, तेव्हा काही विभागांत ही गटपद्धती टिकून होती, तर काही ठिकाणी बाजाराच्या आणि व्यवस्थापनाच्या दडपणाखाली ती विरून गेली होती. म्हणजे ही काही जादू नव्हे. ती जपावी लागते. तरीही त्या प्रयोगाने एक गोष्ट पक्की केली. नवे यंत्र आणताना त्याच्याबरोबर कामाची कोणती रचना आणावयाची, हे यंत्र ठरवीत नाही. ते माणसे ठरवितात.

आता देखरेखीच्या यंत्राकडे पुन्हा वळावे. देखरेख वाढविली म्हणजे विश्वास वाढतो, असे तिचे समर्थक मानतात. आता सर्व काही दिसत आहे, म्हणजे शंकेला जागा उरली नाही, असा त्यांचा युक्तिवाद. १९५८ साली लॉइड स्ट्रिकलंड या मानसशास्त्रज्ञाने केलेला एक प्रयोग या युक्तिवादाच्या मुळावर घाव घालतो. प्रयोगातील व्यक्तीला पर्यवेक्षक नेमून तिच्या हाताखाली दोन सहायक दिले. परिस्थिती अशी योजली की, पहिल्या भागात एका सहायकावर त्याला वारंवार देखरेख करावी लागली आणि दुसऱ्यावर क्वचितच. दोघांनीही काम सारखेच केले. नंतर देखरेखीची निवड पर्यवेक्षकावर सोपविली, तेव्हा ज्याच्यावर आधी अधिक लक्ष ठेवले होते, त्याच्यावरच त्याने पुढेही अधिक लक्ष ठेवले, आणि त्याच्यावर विश्वासही कमी दाखविला. कारण उघड आहे. ज्याच्यावर पहारा नव्हता त्याने काम केले, ते स्वतःच्या इच्छेने केले असे मानता येते. ज्याच्यावर पहारा होता त्याने केलेल्या कामाचे श्रेय पहाऱ्याला जाते. त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध होण्याची संधीच पहाऱ्याने हिरावून घेतलेली असते.

हजेरीच्या प्रणालीचा पुढील इतिहास या निष्कर्षाचे उदाहरण वाटावे असा आहे. २०२५ च्या जुलैत केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने काढलेल्या परिपत्रकात प्रणालीच्या गैरवापराचे प्रकार नोंदविले होते. कोठे कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविली जात होती, तर कोठे छायाचित्राचेच पुन्हा छायाचित्र काढले जात होते. त्यावर उपाय म्हणून ग्रामपंचायतीच्या पातळीवर सर्व छायाचित्रे तपासावीत आणि वरच्या पातळ्यांवर त्यांतील काही भाग पुन्हा तपासावा, असे सांगण्यात आले. मजुरावर विश्वास नाही म्हणून मुकादम, मुकादमावर विश्वास नाही म्हणून यंत्र, आणि यंत्रातील छायाचित्रावर विश्वास नाही म्हणून पुन्हा माणूस, असे हे चक्र फिरून मूळ ठिकाणी आले. ज्यांना लबाडी करावयाची होती त्यांनी वाट शोधली. ज्यांना करावयाची नव्हती ते मात्र दुपारच्या छायाचित्रासाठी उन्हात थांबून राहिले.

सरगूरच्या परिसरातील दुसरे काम म्हणजे वनरक्षणाचे. व्याघ्रप्रकल्पांतील पायी गस्तीची नोंद ठेवण्यासाठी २०१० साली एक संगणकीय पद्धती सुरू झाली. वनरक्षक कोणत्या वाटेने गेला, किती अंतर चालला, वाटेत कोणत्या खुणा आढळल्या, हे सर्व तीत उमटते. वाघांच्या गणनेतही तिचा उपयोग होतो. २०२२ च्या गणनेच्या अहवालात बंडीपूर राखीव क्षेत्रात १५० आणि नागरहोळे येथे १४१ वाघ असल्याचा अंदाज दिला आहे. त्या आकड्यांमागे अनेक पायांची चाल आहे. या पद्धतीचा एक मोठा गुण असा की, ज्या श्रमाला पूर्वी साक्षीदार नव्हता त्याला तिने साक्षीदार मिळवून दिला. रानात एकट्याने केलेली गस्त आता नोंदीत राहते. अपघात झाला तर शोध घेणे सोपे जाते. मनुष्यबळ अपुरे आहे, हे आकड्यांनिशी सांगता येते.

परंतु येथेही एक धोका दडलेला आहे. जे मोजले जाते तेच हळूहळू कामाचे ध्येय बनते. अंतर मोजता येते; एखाद्या पाणवठ्याशी निश्चल बसून केलेले निरीक्षण तितक्या सहज मोजता येत नाही. वाकलेल्या गवतावरून, माकडाच्या इशाऱ्यावरून, मातीच्या ओलाव्यावरून वनातील घडामोडी ओळखणे हे जेनू कुरुबासारख्या समाजाचे पिढीजात ज्ञान आहे. केवळ अंतरावरून कामाची पारख होऊ लागली, तर ज्याच्या अंगी हे ज्ञान आहे आणि ज्याच्या अंगी ते नाही, ते दोघे नकाशावरील सारख्याच रेषा ठरतील. कौशल्याचा असा अनुल्लेख माणसाला आतून पोखरतो. आपले उत्तम तेच कोणाला दिसत नाही, असे वाटू लागले की, माणूस दिसेल तेवढेच करू लागतो.

या संदर्भात आणखी एका प्रयोगाचा उल्लेख करणे योग्य होईल. १९७५ साली मार्क लेपर आणि डेव्हिड ग्रीन यांनी लहान मुलांना कोडी सोडविण्यास दिली. काही मुलांना असे सांगितले की, कॅमेऱ्यातून त्यांच्याकडे पाहिले जात आहे. काही आठवड्यांनंतर त्या मुलांची कोड्यांतील गोडी इतरांपेक्षा कमी झालेली आढळली. मुलांचा खेळ आणि मोठ्यांची मजुरी या एक गोष्टी नव्हेत, आणि एका प्रयोगावरून सर्व मानवजातीविषयी निर्णय देणेही योग्य नाही. अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या सुप्रसिद्ध प्रयोगांचे उदाहरण या बाबतीत सावध करणारे आहे. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, एवढ्यानेच कामगारांचे काम सुधारते, असा निष्कर्ष त्यांतून काढला गेला. परंतु मूळ आकड्यांची पुढे फेरतपासणी झाली, तेव्हा तो वाटला होता तितका भक्कम आढळला नाही. तरीही एवढे म्हणता येते की, आस्थेने लक्ष देणे आणि संशयाने लक्ष ठेवणे यांत मन भेद करते. यंत्र तो भेद करू शकत नाही. म्हणून तो यंत्र योजणाऱ्यांनी केला पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. देखरेखीचे यंत्र नको म्हटले, तर लबाड मुकादम आणि लाचखाऊ कारकून यांचे राज्य परत येईल. गरिबाला त्याच राज्यात अधिक सोसावे लागले होते. या आक्षेपाला कर्नाटकातीलच एका उदाहरणाने उत्तर देता येते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘भूमी’ या प्रकल्पाने राज्यातील जमिनीच्या सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर आणल्या. त्यापूर्वी, महाराष्ट्रात सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत त्याप्रमाणेच, तेथील शेतकऱ्याला आपल्या उताऱ्यासाठी गावच्या हिशेबनिसाची मर्जी सांभाळावी लागे. भूमीमध्ये उतारा तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत मिळू लागला. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकालात काढावयाचे, असा नियम संगणकातच घातला गेला. आणि नोंद बदलणाऱ्या अधिकाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच काम करावे लागे. म्हणजे येथेही देखरेख होती, येथेही बोटाचा ठसा होता. पण तो अधिकाऱ्याचा होता, आणि नोंद ज्याच्याविषयी होती त्या शेतकऱ्याच्या हाती कागद पडत होता. या प्रकल्पावरही पुढे टीका झाली. नोंदी एकत्र आल्याने बड्या जमीनखरेदीदारांचे काम सोपे झाले, असे काही अभ्यासकांनी बंगळूरच्या परिसरातील अनुभवावरून म्हटले. तरीही दोन यंत्रांतील फरक स्पष्ट आहे. एक यंत्र दुर्बळाला बलवानाकडे पाहू देते. दुसरे बलवानाला दुर्बळाकडे पाहू देते.

म्हणून खरा प्रश्न यंत्र असावे की नसावे, हा नाही. यंत्राने घेतलेली नोंद कोण पाहू शकतो आणि चुकीची नोंद कोण दुरुस्त करू शकतो, हा आहे. सरगूरच्या हाडीतील मजुराची एका दिवसाची हजेरी हुकली, तर त्याने कोणाकडे जावे? मुकादम म्हणेल, छायाचित्र पाठविले होते. पंचायत म्हणेल, वर दिसत नाही. वरच्या कचेरीत ‘वर’ म्हणजे एक पडदा असतो. त्या पडद्याशी वाद घालता येत नाही. जुन्या मुकादमाशी निदान भांडता येत असे. लबाड मुकादमापुढे माणूस संतप्त होतो. निरुत्तर यंत्रापुढे तो हताश होतो. या दोन मनःस्थितींत फार अंतर आहे. संतापलेला माणूस दुसऱ्या दिवशी चार जणांना घेऊन येतो. हताश झालेला कामावर येणेच सोडतो.

महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी ही हताशा मोडून काढण्याचे एक उदाहरण घालून दिले आहे. २०२१ च्या मार्चमध्ये बालकांच्या पोषणाच्या नोंदी ठेवण्यासाठी एक नवे केंद्रीय अॅप आले. सेविकांना दिलेले मोबाइल अपुऱ्या क्षमतेचे होते, आणि अॅपची भाषा प्रामुख्याने इंग्रजी होती. वर्षानुवर्षे मराठीत नोंदवह्या उत्तम रीतीने ठेवणाऱ्या स्त्रिया त्या पडद्यापुढे एकाएकी अडाणी ठरल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांनी ठिकठिकाणी हे मोबाइल शासनाला परत केले. त्यांचे म्हणणे नोंदी नकोत असे नव्हते. नोंदी आमच्या भाषेत आणि चालणाऱ्या साधनावर द्या, असे होते. यंत्राला विरोध आणि यंत्राच्या अपमानकारक रूपाला विरोध यांतील भेद त्यांनी जितका स्पष्ट केला, तितका तो क्वचितच कोणा ग्रंथाने केला असेल.

या सर्व विवेचनातून काही व्यावहारिक सूत्रे निघतात. पहिले असे की, मोजावयाचे ते काम मोजावे; माणसाचे केवळ असणे मोजू नये. चर खणून झाला असेल आणि त्याचे माप जुळत असेल, तर दुपारच्या छायाचित्राला अर्थ राहत नाही. दुसरे, जी नोंद घेतली जाते ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, मजुराच्या भाषेत त्याला दिसावी किंवा वाचून दाखवावी. सरगूरमध्ये ती कन्नडमध्ये असावी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ती ऐकू यावी. तिसरे, नोंद चुकली तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार कामाच्या जागेजवळच्या जबाबदार माणसाकडे असावा, आणि यंत्र बंद पडल्याचा तोटा मजुराच्या माथी कधीही पडू नये. संदेशलहरी न मिळणे हा मजुराचा अपराध नव्हे. चौथे, अहमदाबादच्या प्रयोगाचे स्मरण ठेवून, जबाबदारी एकेकट्या माणसावर पहारा ठेवून नव्हे, तर गटावर विश्वास ठेवून द्यावी. गावातील दहा माणसांनी मिळून केलेल्या कामाची साक्ष त्याच गावची ग्रामसभा उघडपणे घेऊ शकते. आणि खोटी नावे ओळखण्यात ती कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा अधिक निष्णात असते. पाचवे, जी देखरेख मजुरावर आहे तीच मजुरी देणाऱ्यावरही असावी. मजूर किती वाजता आला याची नोंद जर मिनिटापर्यंत ठेवता येते, तर त्याची मजुरी किती दिवसांनी मिळाली याचीही नोंद तितक्याच काटेकोरपणे ठेवून ती त्याच पडद्यावर सर्वांना दाखविता आली पाहिजे.

या सूचनांपैकी एकही यंत्राच्या शक्तीबाहेरची नाही. ज्या तंत्राने एका क्षणात छायाचित्र दिल्लीला पोहोचते, त्याच तंत्राने त्याची पोच मजुराच्या हाती परत येऊ शकते. अडचण तंत्राची नाही. ती तंत्र योजताना मनात धरलेल्या माणसाच्या चित्राची आहे. ते चित्र संशयिताचे असेल, तर यंत्र पहारेकरी होते. ते चित्र सहकाऱ्याचे असेल, तर तेच यंत्र साक्षीदार होते.

कायक या शब्दाच्या मुळाशी हाच विचार होता, असे म्हणता येईल. ज्याचे श्रम शुद्ध आहेत, त्याला आणखी कोणती परीक्षा द्यावयाची उरत नाही. नव्या कायद्याचे नियम आणि त्यासाठीची साधने घडविणाऱ्यांनी सरगूरच्या माळावर दुपारच्या वेळी एकदा उभे राहून पाहावे. चर खणून झालेला असतो, कुदळी सावलीत टेकलेल्या असतात, आणि ते काम प्रामाणिक आहे की नाही, हे तेथे असलेल्या कोणालाही कळू शकते. त्या चराशेजारी ताटकळलेल्या माणसाला यंत्राने आणखी कोणता प्रश्न विचारावयाचा आहे, हे ठरविण्याची जबाबदारी आता त्यांच्यावर आहे.